पणदऱ्याचा दंडवत

चौथ्या पोरीलाही दादासाहेबांनी नकार दिला, तोही जीप गावाबाहेर पडायच्या आत. कारण नेहमीचंच. पोरीला दंडवत घालता येत नाही.

मागच्या सीटवर अविराज खिडकीबाहेर बघत बसला. लग्न त्याचं, पण त्याला विचारतंय कोण. पणदऱ्याच्या ह्या घरात नातवाला आजोबांशी काही बोलायचं झालं तर ते आजीमार्फत. आणि आजी, म्हणजे द्वारकाबाई, शेजारी शेंगा सोलत निवांत बसल्या होत्या.

दादासाहेबांचं म्हणणं असं, की नमस्कार वेगळा आणि दंडवत वेगळा. नमस्कार हातांचा. तो रस्त्यात होतो, मोटरसायकलवरून होतो, आता तर मोबाइलवरही होतो. दंडवत म्हणजे दंडासारखं, काठीसारखं पडणं. हातातून सुटलेली काठी निम्म्यात थांबत नाही, पार भुईला टेकते. बाप्यांनी सगळं अंग भुईला लावायचं, बायकांनी गुडघे टेकून कपाळ. हल्लीच्या पोरी गुडघ्याला बोट लावतात आणि मोकळ्या होतात, असं ते पाव्हण्यांच्या ओसरीवर बसूनच ऐकवायचे.

खरं तर तिसरी, लोणी भापकर गावची पोरगी इतकी सुरेख वाकली होती, की द्वारकाबाईंनी तिचा हात बराच वेळ सोडला नाही. तिलाही नकार. वर गंमत बघा, तिच्यासाठी दुसरं चांगलं स्थळ दादासाहेबांनीच महिन्याभरात जुळवून दिलं आणि लग्नात अक्षता टाकायला सगळ्यांच्या पुढे उभे राहिले. म्हाताऱ्याच्या मनात काय चालतं ते बिरदेवालाच ठाऊक, असं भावकी म्हणायची.

अविराजचा जीव मात्र भलतीकडंच अडकला होता. लासुर्ण्याची वैष्णवी बारामतीत माती तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. दोन वर्षांपूर्वी तो डाळिंबाच्या रानातली माती पिशवीत घालून तिथं गेला, आणि तेव्हापासून त्याच्या रानाची माती दर महिन्याला तपासली जात होती. तालुक्यात एवढी तपासलेली जमीन दुसऱ्या कुणाची नसेल.

घरी सांगायची छाती होत नव्हती. आणि आता वैष्णवीला इंदापूरचं स्थळ आलेलं. मुलगा चांगला, घर चांगलं, नाही म्हणायला कारण नाही. तिच्या आईनं, सारजाबाईंनी, कसाबसा सोमवारपर्यंतचा वेळ मागून घेतला होता. मग अविराजनं एका मध्यस्थाला गाठलं, त्याच्या विनवण्या केल्या आणि वैष्णवीची माहिती दादासाहेबांपर्यंत पोचवली. रविवारी बघायला जायचं ठरलं.

हातात सहा दिवस होते. आबांनी, म्हणजे दादासाहेबांनी, एकदा नाही म्हटलं की संपलं, हे अविराजला पक्कं ठाऊक होतं. त्यानं वैष्णवीला रोज संध्याकाळी कॅनॉलच्या कडेला बोलावलं, टॉवेल अंथरला आणि स्वतः समोर आबा होऊन बसला.

"दिसभर मातीतच वाकती मी," वैष्णवी म्हणाली. "त्याचे काय मार्क हायत का न्हाय?"

तो हसलासुद्धा नाही. गुडघे, मग कपाळ. मग उजवा पाय, डावा पाय. मग तळहात भुईला, आणि तोच हात आपल्या कपाळाला. एकही गोष्ट त्यानं सोडली नाही. येणारेजाणारे मोटरसायकली हळू करून बघायचे. वैष्णवीच्या गुडघ्यांची सालं निघाली, ती चिडली, एकदा तर टॉवेल गुंडाळून त्याच्या अंगावर फेकून निघून गेली. पण शुक्रवारपर्यंत तिला झोपेतही चुकलं नसतं.

रविवारी पाव्हणे आले. इंदापूरकरांचा सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला होता, त्यामुळे पोहे देतानाही सारजाबाईंचं लक्ष फोनकडंच होतं. वैष्णवी डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली, दादासाहेबांसमोर गुडघे टेकले आणि दंडवत घातला. गुडघे, कपाळ, उजवा, डावा, भुई, कपाळ. कुठं घाई नाही की कुठं खोट नाही. अविराजला हुरूप आला.

दादासाहेबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"पोरी, शेवटाला भुईला हात का लावलास?"

वैष्णवीनं अविराजकडं बघितलं.

"पायापतूर समदीकडंच शिकवत्यात. भुईचं आमच्या घराबाहेर कुणाला ठावं न्हाय. माझ्या आजीनं घालून दिल्याली रीत हाय ती."

सारजाबाई लेकीच्या तोंडाकडं बघत राहिल्या. आपण जरा जास्तच शिकवलं, आणि आपल्याच हातानं सगळ्यावर पाणी ओतलं, हे अविराजला कळलं. पण तो गप्प राहिला असता तर चारचौघांत वैष्णवीची शोभा झाली असती. तेवढं मात्र त्याला सहन होणार नव्हतं. तो उठून उभा राहिला आणि जन्मात पहिल्यांदा आजोबांशी सरळ बोलला.

"आबा, मी शिकवलं. दोन वर्सं झाली, वळख हाय आमची. लगीन करीन तर हिच्यासंगंच."

दादासाहेबांनी त्याला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. मग बशी परत उचलली, पोह्यांवर लिंबू पिळलं आणि सुपारी फोडायला पुढचा गुरुवार जमंल का, असं सारजाबाईंना विचारलं. द्वारकाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. अविराज तसाच उभा.

"बस की खाली, गड्या," दादासाहेब म्हणाले. "दर म्हैन्याला माती तपासाया जातूस, तवाच वळाखलं हुतं मी. तुझ्या तोंडातनं निघंना म्हणून चार घरच्या पोरींना नावं ठिवावी लागली मला. माझ्या बापानं दुसरी पोरगी नाकारली, तवाच मी तुझ्या आजीला शिकवून मोकळा झालो हुतो."