सातवी सही

अर्जावर सहा सह्या झाल्या होत्या. संस्थेच्या नोंदणीला सात लागत होत्या, आणि सातव्या माणसाने सकाळीच फोन करून अंग काढून घेतलं होतं.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत खोऱ्याचा इतिहास अभ्यासणारं मंडळ स्थापन व्हायचं होतं. बाकीचे चौघे सह्या करून आपापल्या कामाला निघून गेले होते. मागे राहिले ते होणारे अध्यक्ष, म्हणजे कॉलेजातले जुने सर, आणि ग्रंथपालबाई.

"पुढच्या महिन्यात बघू," सर म्हणाले. गेली तीन वर्षं ते हेच म्हणत होते.

"मी एकांना बोलावलंय," बाई म्हणाल्या. "कोणाला ते विचारू नका."

विचारायची गरजच पडली नाही. जिन्यावर काठी वाजली आणि निवृत्त मोजणीदार दारात येऊन उभे राहिले. सरांनी तोंड फिरवलं. नदीच्या जुन्या पात्रावर सरांनी पुस्तक लिहिलं होतं, आणि त्याच्या प्रकाशनालाच, भरल्या सभेत, या गृहस्थांनी उठून "नकाशा चुकलाय" म्हणून सांगितलं होतं. त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून दोघं रस्त्यात समोरासमोर आले की एक जण फुटपाथ बदलायचा.

"बाई, तुम्ही मला कात्रीत पकडलंत," सर म्हणाले.

"पकडलं," बाई म्हणाल्या. त्यांनी अर्ज टेबलावर पुढे सरकवला.

मोजणीदारांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि अर्ज पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. आयुष्यभर जमिनी मोजलेला माणूस, त्याला कसली घाई. दुसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं. तिथे मंडळाचं कार्यक्षेत्र लिहिलं होतं : नदीच्या जुन्या पात्रापासून डोंगरापर्यंत.

"कुठलं जुनं पात्र? पुस्तकातलं, की खरं?"

बाईंनी डोळे मिटून घेतले. आता सर उठणार, आणि तीन वर्षांची धावपळ पाण्यात जाणार.

सर उठले नाहीत. खुर्ची वळवून त्यांनी मोजणीदारांकडे तोंड केलं. मग म्हणाले, "कशावरून म्हणता?"

मोजणीदार गडबडले. "हे... हे तुम्ही तेव्हा विचारलं नव्हतंत."

"तेव्हा राग आला होता मला."

"स्वतः मोजलंय, सर. एकदा नाही, चारदा. तुम्ही दाखवता तिकडे जमिनीला उतारच नाही. नदी टेकडीच्या मागून जायची."

"नाही पटत."

"नका पटवून घेऊ. सही करतो मी. पण मंडळाचा पहिला अंक निघाला की त्यात तुमच्याविरुद्ध लिहिणार."

"लिहा," सर म्हणाले. "फक्त लवकर लिहा. मला उत्तर द्यायचंय, आणि मी एकोणऐंशी वर्षांचा आहे."

मोजणीदारांनी सही केली. पेनाला टोपण न लावताच त्यांनी मान वर केली.

"बाई, कोरे कागद आहेत का?"