नेमाहा नदीवरचा पहिला मासा

लेकीच्या गावी राहायला आल्यावर म्हातारा वर्लन बायकोला, ओपलला, घेऊन पहिल्यांदाच नेमाहा नदीवर गेला. ओपल हल्ली फारशी बोलतच नसे. नदी नवखी, मासा कुठे लागेल याचा पत्ता नाही. तिची खुर्ची उचलून जागा बदलता बदलता त्याची कंबर मोडली. उन्हं कलताना एकदाचा मोठा कॅटफिश गळाला लागला.

तोच ओपल ताडकन उठली. "अहो, जपून! पंखाचा काटा घुसेल हातात." तिनं मासा नीट धरला आणि गळ अलगद सोडवला.

"ओपल! आठवतंय तुला?" वर्लननं विचारलं.

"न आठवायला काय झालं? माझ्या नवऱ्यानं शिकवलंय. येईलच एवढ्यात, त्यालाच विचारा चांगली जागा."



वर्लन तिच्याशेजारी वाळूत बसला. "बरं बाई, थांबतो."