हरायला या

त्र्याऐंशी साली जुना मित्र सावळीराम वारला आणि जयरामने ठरवून टाकलं, यंदा ओझरच्या कॅरम स्पर्धेला जायचं नाही. दरवर्षी सावळीरामचं एका ओळीचं पोस्टकार्ड मनमाडला यायचं, 'रविवारी स्पर्धा, हरायला ये.' आता कोण बोलावणार?

तरी कार्ड आलंच. पेन्सिलीने लिहिलेली मोठाली, वाकडीतिकडी अक्षरं. 'भावजी, रविवारी स्पर्धा, हरायला या. कुसाबाई.'

"सावळीरामच्या बायकोचं आहे," जयराम म्हणाला.

"लिहून घेतलं असेल कुणाकडून," जयरामची बायको चंद्रभागा म्हणाली. "दिवाळीत नवऱ्याच्या फंडाच्या कागदावर अंगठाच उठवला होता की तिनं!"

जयरामने कार्ड उजेडात धरलं. 'हरायला'तला 'ह' इतक्यांदा खोडला होता, की तिथं कागद पार विरला होता.

"चंद्रभागा," तो म्हणाला, "माझा स्ट्रायकर कुठं ठेवलास गं?"