ठशातला भाऊ

गोऱ्या साहेबांच्या सचित्र साप्ताहिकात तो लाकडी ठशांवर चित्रं कोरायचा. बाजारातल्या गोळीबाराचं रेखाटन टेबलावर आलं. त्यातलं पुढचं पहिलंच प्रेत त्याच्या धाकट्या भावाचं होतं. संपादक म्हणाले, "याच्या हातात तलवार दे. नाहीतर सरकारने निःशस्त्र माणसं मारली असं दिसेल." "साहेब, हा माझा भाऊ. आईचं औषध आणायला गेला होता." "मग चेहरा बदल. तलवार मात्र हवी." त्याने नाही म्हटलं असतं, तर दुसऱ्याने कोरली असती. निदान चेहरा भावाचाच राहावा म्हणून तो त्याने जीव ओतून कोरला. मग तलवारही कोरली. घरात भावाचं एकही चित्र नव्हतं. आईने अंक डोळ्यांजवळ धरला. "हुबेहूब उतरलाय रे!" चित्रावरून फिरणारं तिचं बोट थांबलं. "हातात काय आहे याच्या?" "छत्री, आई." "आपल्याकडे कुठे होती छत्री?"