आतली कडी

नवऱ्याचं घर सोडून कुमुद भावाकडे आली, त्याला आठ महिने झाले होते. ती ओटीवर निजायची. वहिनीने माळ्यावरची अडगळ काढून सुतार बोलावला, तेव्हा माळा भाड्याने द्यायचा असणार, असं कुमुदला वाटलं. वर भाडेकरू ठेवला तर त्याची ये-जा ओटीवरूनच होणार. मग आपण निजायचं कुठे?

रविवारी वहिनीने तिला वर नेलं. भिंतींना चुना लावला होता, कौलांत एक काच बसवली होती आणि तिच्याखाली खाट होती.

“वन्सं, ही खोली तुमची. दाराला आतून कडी लावून बघा, नीट बसते का,” असं म्हणून वहिनी खाली गेली.

सासरी कडी नवरा बाहेरून लावायचा. कुमुदने आतून कडी लावली, काढली, पुन्हा लावली. मग ती भर दुपारी गाढ झोपली.