बुडणार की तरंगणार

"सोमेश हैदराबादला गेलाय असं सांगितलंय तिला," अर्पिताचे आजोबा बंडप्पा म्हणाले. "तुमी बी तसंच म्हणा, बाई."

अंगणवाडीच्या फाटकाशी दोघं उभे होते. अर्पिता आत जाऊन खुंटीला पिशवी अडकवत होती. चौदा दिवसांनी ती आज आली होती. तिच्या बापाला शेततळ्यातून बाहेर काढलं त्यालाही चौदाच दिवस झाले होते. मोटारीचा पाइप बसवायला सोमेश तळ्यात उतरला होता. तळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला होता. तो ओला झाला की पाय ठरत नाही.

"तिनं काय बघितलं का, मामा?" महेश्वरीबाईंनी विचारलं.

"न्हाय. तळ्याकडंच्या बोरीखाली निजली व्हती. मानसं गोळा झाली तवाबी निजलेलीच. शेजारनीनं उचलून घरी आनली." हे ते सगळ्यांना सांगत आले होते. आताही त्याच शब्दांत सांगितलं. "तेवढं वाचलंय तिचं."

"विचारती का काही?"

"एकदाबी न्हाय. लई गुनाची हाय."

निघतो म्हणाले आणि आतल्या कट्ट्यावर बसून राहिले.

अंगणात निळा टब पाण्याने भरलेला होता. महिन्याच्या तक्त्यात आजच्या तारखेला बुडणाऱ्या आणि तरंगणाऱ्या वस्तू होत्या. घरून एकेक वस्तू आणा, असं मुलांना कालच सांगून झालं होतं. मुलं कोपरापर्यंत भिजली होती. टब उचलला असता तर का उचलला, हे अकरा जणांनी विचारलं असतं. महेश्वरीबाईंनी तो उचलला नाही. अर्पिताला त्यांनी टबापासून लांब, मदतनीस शांताक्काजवळ बसवलं. तिथे फरशीवर खडूने दोन गोल काढले होते. बुडालेल्या वस्तू एका गोलात मांडायच्या, तरंगलेल्या दुसऱ्यात.

"तू मांडायचं," बाई म्हणाल्या. "पाण्याकडं यायचं न्हाय. फ्रॉक भिजंल."

अर्पिताने मान हलवली.

खेळाचा नियम एकच होता. आधी सांगायचं, मग टाकायचं, मग बघायचं.

"माजा दगूड तरंगनार," रणधीर म्हणाला.

"दगूड कुठं तरंगतो व्हय?" शंभूने विचारलं.

"तुजा न्हाय तरंगत. माजा नळदुर्गचा हाय."

दगड बुडाला. रणधीरने तो काढून पुन्हा टाकला, जरा हळू. पुन्हा बुडाला. "पानीच बरूबर न्हाय," तो म्हणाला. शांताक्का तोंडाला पदर लावून हसल्या.

खिळा बुडाला. बाटलीचं झाकण तरंगलं. कडब्याचं कांड तरंगलं. सोयाबीनचे दाणे बुडाले. शांताक्का एकेक ओली वस्तू आणून देत होत्या आणि अर्पिता ती बरोबर गोलात ठेवत होती. एकदाही चुकली नाही. पाण्याकडे तिने मान वळवली नाही. महेश्वरीबाईंनी कट्ट्याकडे पाहून सगळं ठीक असल्याची खूण केली. बंडप्पांनी डोळे मिटून घेतले.

आणलेल्या वस्तू संपल्या. रणधीरला अजून एक डाव हवा होता. त्याने पायातली एक रबरी चप्पल काढली आणि टबावर धरली.

"सांगा," तो म्हणाला. "चप्पल बुडनार का तरंगनार?"

"बुडनार," शंभू म्हणाला. निम्मी मुलं त्याच्या बाजूने झाली.

"तरंगती," अर्पिता म्हणाली. ती गोलापाशी पाठमोरीच बसली होती.

रणधीरने चप्पल सोडली. ती थोडी खाली गेली, वर आली आणि फिरत फिरत टबाच्या कडेला लागली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. अर्पिता उठली. महेश्वरीबाई "अर्पिता, तिथंच बस" म्हणाल्या, तोवर ती टबापाशी पोचली होती.

शांताक्कांनी चप्पल काढायला हात घातला. अर्पिताने त्यांचं मनगट धरलं.

"काढू नका, अक्का."

"का गं? तरंगली की. झालं."

"चप्पल आदी येती," अर्पिता म्हणाली. "खालचं मागनं येतंय. लई येळ लागतोय."

शांताक्कांनी हात पाण्यातून काढला नाही. कट्ट्यावरून बंडप्पा उठले, दोन पावलं आले आणि उभे राहिले.

अर्पिता टबाशी उकिडवी बसली. तिने फ्रॉक गुडघ्यांखाली नीट खोचला आणि हनुवटी गुडघ्यांवर टेकवली. आवाज करायचा नाही, असं तिने रणधीरला बोटाने सांगितलं. रणधीर तिच्या शेजारी बसला. मग शंभू बसला. हळूहळू सगळी मुलं टबाभोवती बसली आणि तिच्यासारखीच खाली बघत वाट पाहू लागली.