खंडेरावचा हात

सोमवारी सकाळी खंडेराव दवाखान्यात आला तेव्हा त्याचा उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला होता. सोबत त्याचा दोस्त वामन. डॉक्टर वाणगावला शिबिराला गेले होते. ड्रेसिंगच्या खोलीत नर्स रिबेका नवगावकर एकटीच होती.

तिनं टॉवेल सोडवला. मनगटापासून बोटांपर्यंत कातडी सुटली होती, खाली पू धरला होता.

"कधी भाजलं?"

"शनवारी, बाई. ष्टो भडकला."

शनिवारी! तिची बोटं थबकली. शनिवारीच संध्याकाळी, प्रार्थना आटोपून माणसं घरी गेल्यावर, चिंचणीच्या वाटेवरची त्यांची मशीद कुणीतरी पेटवली होती. ज्यूंच्या प्रार्थनेच्या जागेला तिथं सगळे मशीदच म्हणत. कपाट फोडलं होतं. आतली सेफेर तोरा, चामड्यावर हातानं लिहिलेला त्यांचा धर्मग्रंथ, जमिनीवर ओढून त्यावर रॉकेल ओतलं होतं. भिंतीवर कोळशानं लिहिलं होतं, 'ज्यूंनो, चालते व्हा.' तिथं प्रार्थना चालवणारे तिचे वडील दोन दिवस जेवले नव्हते. जळके तुकडे मांडीवर घेऊन बसले होते. पेटवणाऱ्याला मात्र कुणीच पाहिलं नव्हतं.

स्टो कुणाचाही भडकतो, असं मनाला बजावून तिनं बधिर करायचं इंजेक्शन भरलं.

वामन दारातून हसला. "ष्टो कसला! शनवार तेल्यांचा परसाद हाय तो." शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ज्यूंना तिकडं शनवार तेली म्हणत.

"गप रे," खंडेराव म्हणाला, पण तोही हसला. रिबेकाच्या गळ्यातलं मंगळसूत्र, हातातल्या हिरव्या बांगड्या त्यानं पाहिल्या. "बाई आपल्यातल्याच हायत. त्यांच्यापासून काय चोरायचं? ह्यांचा देश दुसरा, देव दुसरा, नि हितं ऐटीत ऱ्हात्यात. ती त्यांची पोथी लवकर पेटंना. मीच हातानं उलगडून धरली, तेवा पेटली."

बाहेर बाकावर पाच-सहा माणसं बसली होती. चिंचणीची हिरा कोळीण खोकता खोकता थांबली.

रिबेकानं इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवून दिलं आणि चिमटा उचलला.

पहिली सुटी कातडी ओढली तसा खंडेराव ओरडला, "आई गं! बाई, ते इंजेक्शन?"

"कोणाची पोथी म्हणालात?"

"त्या ज्यूंची... बाई, हळू!"

"मोठ्यानं सांगा. बाहेर ऐकू गेलं पाहिजे."

"भायेर कशाला, बाई?"

"माझं नाव रिबेका. तुम्ही जी पेटवलीत ती माझे बाबा दर शनिवारी वाचत. मीही त्यांच्याकडूनच वाचायला शिकले."

खंडेरावनं हात हिसकून घेतला. वामन दारातून केव्हाच नाहीसा झाला होता. अर्धवट सोललेल्या हातातून रक्त फरशीवर ठिबकत होतं.

रिबेकानं टेबलावरची वही ओढली. नाव, गाव, वार लिहिला. 'कशाने भाजले' या रकान्यात तिनं सावकाश लिहिलं: मशिदीला आग लावताना.

"बाई, तसं लिवू नका. पाया पडतो."

"हिराताई, ऐकलंत ना तुम्ही?"

हिरा पदर खोचत दारात आली. "समदं ऐकलं. कुटं बोलवतील तितं सांगन."

खंडेराव उठला. दोन पावलं गेला आणि भिंतीला टेकला.

"पालघरला जाईन मी. दुसरीकडं दाखवीन."

"जा. पू वर चढतोय. पोचेपर्यंत काय होईल ते सांगता येत नाही." तिनं चिमटा स्पिरिटमध्ये बुडवला. "मी तर हा हात बरा करणार आहे. एक बोट कमी होऊ देणार नाही. कोर्टात सही करायला लागेल तुम्हाला. रोज नऊला यायचं, ड्रेसिंग मीच करीन."

खंडेरावनं एकदा दाराकडे पाहिलं. हिरा तिथंच उभी होती.

"हात," रिबेका म्हणाली.

खंडेरावनं डोळे मिटले आणि हात पुढे केला.